स्टार्टअपच्या जाहिराती मोकळ्या झाल्या, कागदपत्रं मात्र ऐच्छिकच राहिली

अमेरिकेत राहणाऱ्या कोणीही फेसबुक, यूट्यूब किंवा लिंक्डइन उघडलं की एखादी तरी जाहिरात समोर येतेच: उद्याची मोठी कंपनी आजच पकडा, सुरुवातीच्या भावात शेअर घ्या, अमुक तारखेपर्यंतच संधी. कंपनी शेअर बाजारात नसते. तिचे हिशेब कुठे छापून येत नाहीत. तरी ती अनोळखी माणसाकडे उघडपणे भांडवल मागत असते आणि बहुतेक वेळा हे पूर्णपणे कायदेशीर असतं.

२०१३ च्या सप्टेंबरपर्यंत तसं नव्हतं. नियामकाकडे नोंदणी न करता खासगीत भांडवल उभारणाऱ्या कंपनीला जाहिरातीची बंदी होती. त्या वर्षी ही बंदी उठली आणि मार्च २०२५ मध्ये उरलेल्या अटींपैकी सगळ्यात जाचक अट नियामकाने आणखी सैल केली. त्यामुळे अशा जाहिराती यापुढे वाढत जातील. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात दोघांच्या पगारावर चालणारी मराठी घरं या जाहिरातींच्या नेमक्या टप्प्यात येतात. ती कशी, ते पुढे पाहू.

## बंदी मुळात होती कशासाठी?

१९२९ च्या बाजारकोसळीनंतर अमेरिकेने १९३३ मध्ये रोख्यांचा, म्हणजे शेअर, बाँड वगैरेंच्या विक्रीचा, कायदा केला. त्याचं मूळ सूत्र सोपं आहे: लोकांकडून पैसे मागायचे असतील तर आधी नोंदणी करा आणि कंपनीची खरी परिस्थिती लेखी मांडा. नफा-तोटा, कर्ज, कोर्टकज्जे, मालकांचे पगार, धोके, सगळं. हे काम पाहणारी संस्था म्हणजे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन (एसईसी). पुढे तिला आयोग म्हणू. भारतात जे काम सेबी करते, साधारण तेच तिथे आयोग करतो.

नोंदणी महाग पडते. वकील, लेखापरीक्षक, महिनोन् महिन्यांची छाननी. दोन-चार जाणकारांकडून भांडवल घेणाऱ्या लहान कंपनीवर हा बोजा नको म्हणून कायद्यात खासगी विक्रीची सूट ठेवली. १९५३ मध्ये राल्स्टन प्युरिना कंपनीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या सुटीचा अर्थ स्पष्ट केला: ज्यांना कायद्याच्या संरक्षणाची गरज नाही, जे स्वतःचं हित स्वतः पाहू शकतात, अशांना विकत असाल तरच सूट. १९८२ मध्ये आयोगाने या सुटीची लेखी नियमावली काढली आणि त्यात जाहिरातबंदी घातली. सूट घेतलीत तर वर्तमानपत्र नाही, रेडिओ नाही, जाहीर सभा नाही. ज्यांच्याशी आधीपासून ओळख आहे त्यांनाच विचारायचं.

यामागचं गणित महाराष्ट्रातल्या घरखरेदीदाराला लगेच कळेल. रेरा कायद्यानुसार नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला प्रकल्पाची जाहिरातच करता येत नाही. जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो, ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. तो स्कॅन केला की मंजुऱ्या, मुदती, प्रकल्पाची कागदपत्रं दिसतात. म्हणजे जाहिरात करायचा हक्क आणि कागद दाखवायचं बंधन एकमेकांना बांधलेले आहेत. अमेरिकेच्या जुन्या नियमातही हीच गाठ होती: कागद दाखवा आणि जाहिरात करा, नाहीतर दोन्ही नको. २०१३ मध्ये नेमकी ही गाठ सुटली. जाहिरात मोकळी झाली, कागद ऐच्छिकच राहिले. ग्राहकाच्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली खरी गोम एवढीच आहे.

## मग बंदी उठली कशी?

इंटरनेटच्या काळात ही बंदी अवघड झाली होती, हे मान्य करायला हवं. २०११ च्या जानेवारीत गोल्डमन सॅक्स ही बँक फेसबुकचे शेअर खासगीत आपल्या श्रीमंत ग्राहकांना विकणार होती. तेव्हा फेसबुक बाजारात आलेलं नव्हतं. ही बातमी फुटली आणि वर्तमानपत्रांत इतकी गाजली की ती प्रसिद्धीच जाहिरात ठरेल, अशी भीती बँकेला वाटली. शेवटी तिने अमेरिकी ग्राहकांना वगळून फक्त परदेशी ग्राहकांना शेअर देऊ केले. लहान स्टार्टअपचे हाल वेगळेच. गुंतवणूकदारांपुढे सादरीकरण करताना संस्थापकाने ‘आम्ही भांडवल उभारतोय’ असं म्हटलं आणि प्रेक्षकांत कोणीही बसलेलं असलं, तर सूट जायची भीती.

मंदीनंतर नोकऱ्या वाढवण्याचा दबाव होता. ५ एप्रिल २०१२ रोजी अध्यक्ष बराक ओबामांनी जॉब्ज कायद्यावर सही केली. त्यात आयोगाला आदेश होता: सगळे खरेदीदार ठरावीक आर्थिक पातळीवरचे असतील आणि कंपनीने ते तपासून घेतलं असेल, तर जाहिरातीवरची बंदी काढा. आयोगाने १० जुलै २०१३ रोजी चार विरुद्ध एक मतांनी नियम मंजूर केला आणि २३ सप्टेंबरपासून तो लागू झाला.

त्याच दिवशी आयोगाने आणखी एक मसुदा मांडला होता. जाहिरात सुरू करण्याच्या १५ दिवस आधी कंपनीने आयोगाला कळवावं, जाहिरातीवर ठरावीक इशारा छापावा, जाहिरातीचा मजकूर काही काळ आयोगाकडे जमा करावा, अशा त्यातल्या अटी. हा मसुदा कधीच नियम झाला नाही. विरोधात मत देणारे आयुक्त लुईस अग्विलार यांचं म्हणणं होतं की मोकळीक आणि संरक्षण एकाच वेळी यायला हवं, आधी एक आणि मग जमलं तर दुसरं, असं नको. पुढे काय झालं ते पाहता त्यांचं म्हणणं बरोबर होतं, असंच म्हणावं लागेल. जाहिरातींना विरोध करायचं कारण नाही. पण १५ दिवस आधी एक अर्ज आणि चार ओळींचा इशारा, एवढ्याने कोणत्याही प्रामाणिक स्टार्टअपचं काही बिघडलं नसतं.

आजही फरक असा आहे: म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत काय लिहायचं, मागचा परतावा कसा दाखवायचा, याचे बारीक नियम आहेत. स्टार्टअपच्या या जाहिरातीत मजकूर काय असावा याचा तसा नियम नाही. खोटं बोलायला मात्र बंदी आहे. फसवणुकीचा कायदा सगळ्यांनाच लागू आहे. पण तो पैसे गेल्यानंतर कामाला येतो.

## एकाच जाहिरातीमागे तीन वेगळे नियम

जाहिरात पाहून कळत नाही, पण मागे कोणता नियम आहे यावर तुमचं संरक्षण ठरतं.

पहिला नियम ५०६-बी. हा जुनाच: जाहिरात नाही, ओळखीतल्यांनाच विक्री. अमेरिकेतलं बहुतांश खासगी भांडवल आजही याच वाटेने उभं राहतं. दुसरा ५०६-सी, म्हणजे २०१३ चा नवा: जाहिरात कितीही करा, रक्कम कितीही उभारा, पण प्रत्येक खरेदीदार ‘मान्यताप्राप्त गुंतवणूकदार’ असला पाहिजे आणि तो तसा आहे हे कंपनीने तपासलं पाहिजे. अशा खरेदीदाराला माहितीपत्रक देण्याची सक्ती नाही.

तिसरा नियम क्राउडफंडिंगचा, १६ मे २०१६ पासूनचा. यात सामान्य माणूसही पैसे घालू शकतो. म्हणून कुंपणं जास्त आहेत. कंपनीला १२ महिन्यांत जास्तीत जास्त ५० लाख डॉलर उभारता येतात. विक्री आयोगाकडे नोंदवलेल्या पोर्टलवरूनच होते. कंपनीला हिशेब मांडावे लागतात आणि रक्कम वाढेल तसे ते बाहेरच्या लेखापालाकडून तपासून घ्यावे लागतात. शेअरचा भाव, एकूण रक्कम असे व्यवहाराचे तपशील सांगायचे असतील, तर पोर्टलबाहेरच्या जाहिरातीत मोजकीच माहिती देऊन पोर्टलकडे बोट दाखवायचं, एवढीच मुभा. विक्री किमान २१ दिवस खुली ठेवावी लागते आणि मुदत संपायच्या ४८ तास आधीपर्यंत तुम्ही पैसे मागे घेऊ शकता.

सामान्य, म्हणजे ‘मान्यताप्राप्त’ नसलेल्या माणसाने किती घालायचे यालाही मर्यादा आहे. समजा वार्षिक उत्पन्न ९० हजार डॉलर आणि निव्वळ मालमत्ता ६० हजार डॉलर. दोन्हीपैकी एक जरी १ लाख २४ हजारांच्या खाली असेल, तर दोन्हींतल्या मोठ्या आकड्याच्या ५ टक्के किंवा २,५०० डॉलर, यातलं जे जास्त ते. इथे ९० हजारांचे ५ टक्के म्हणजे ४,५०० डॉलर. ही मर्यादा वर्षभरातल्या सगळ्या क्राउडफंडिंग गुंतवणुकींना मिळून आहे, प्रत्येक कंपनीला वेगळी नाही. इथे बरेच जण चुकतात.

म्हणजे गंमत पाहा: चार हजार डॉलर घालणाऱ्याला कागद मिळतात, दोन लाख घालणाऱ्याला ते मागून घ्यावे लागतात.

## ‘मान्यताप्राप्त’ म्हणजे श्रीमंतच ना?

कायद्याचं गृहीतक तेच आहे. निकष असे: गेली दोन्ही वर्षं एकट्याचं उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर, किंवा जोडीदारासह ३ लाखांच्या वर, आणि यंदाही तेवढंच अपेक्षित. नाहीतर एकट्याची किंवा जोडीदारासह निव्वळ मालमत्ता १० लाख डॉलरच्या वर. राहतं घर त्यात धरायचं नाही. २०२० पासून रोखे विक्रीचे काही ठरावीक परवाने असलेल्यांनाही ही मान्यता मिळते.

यातले दोन लाख आणि दहा लाख हे आकडे १९८२ चे आहेत. महागाईप्रमाणे ते कधी वाढवलेच नाहीत. आयोगाच्याच अहवालानुसार १९८३ मध्ये अमेरिकेतली १.८ टक्के कुटुंबं या निकषांत बसत होती, २०२२ मध्ये १८.५ टक्के. चाळणी बदलली नाही, पण तिची भोकं दहापट मोठी झाली.

आता एडिसनमधल्या किंवा सॅन होजेमधल्या एखाद्या मराठी जोडप्याचं उदाहरण घ्या. दोघं सॉफ्टवेअरमध्ये, मिळून उत्पन्न ३ लाख २० हजार. घराचा हप्ता, पाळणाघर, दोन गाड्या आणि पुण्यात आई-वडिलांच्या औषधपाण्याची जबाबदारी. वर्षाअखेर हाताशी फारसं काही उरत नाही. कायद्याच्या लेखी मात्र हे जोडपं स्वतःचं हित स्वतः पाहणारं, संरक्षणाची गरज नसलेलं. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर एच-१बी व्हिसावर दुसरी नोकरी शोधायला मोजके आठवडे हातात असतात, आणि नेमके तेव्हाच स्टार्टअपमध्ये अडकलेले पैसे बाहेर निघत नाहीत.

दुसरा गट निवृत्तीला आलेल्यांचा. ३०-३५ वर्षांच्या नोकरीत ४०१-के या निवृत्तीच्या खात्यात साठलेली रक्कम निव्वळ मालमत्तेत धरली जाते. राहतं घर वगळतात, पण पुण्यातला दुसरा फ्लॅट मोजला जातो. असं करत दहा लाखांचा आकडा ओलांडला जातो. हा माणूस श्रीमंत नसतो. पुढच्या २५ वर्षांच्या घरखर्चाचा पैसा एका जागी साठलेला असतो, एवढंच.

तपासणीची अट कंपन्यांना जड जायची. प्रत्येकाचं कर विवरणपत्र किंवा तीन महिन्यांच्या आतली बँक-विवरणं मागायची, नाहीतर वकील, सीपीए (अमेरिकेतला सीए), नोंदणीकृत ब्रोकर किंवा सल्लागाराचं पत्र घ्यायचं. लोक कागद द्यायला नाखूश असत. मार्च २०२५ मध्ये आयोगाच्या अधिकाऱ्यांनी एका पत्राद्वारे वेगळी वाट मान्य केली: व्यक्तीने किमान २ लाख डॉलर गुंतवले, आपण निकषात बसतो आणि ही रक्कम यासाठी कोणाकडून कर्जाऊ आणलेली नाही असं लिहून दिलं आणि कंपनीला त्याविरुद्ध काही माहीत नसलं, तर तेवढी तपासणी पुरे. संस्थांसाठी ही रक्कम १० लाख डॉलर आहे. एवढे पैसे घालणारा सधनच असणार, हा त्यामागचा तर्क. त्याचा दुसरा परिणाम असा की ज्याला सोपी वाट हवी, त्याला मोठी रक्कम घालण्याचं आमिष तयार झालं. निवृत्तीची अर्धी पुंजी एका कंपनीत घालणारा माणूसही या वाटेने सहज आत जातो.

## पैसे बुडतात ते फसवणुकीनेच, असं नाही

फसवणुकीची चर्चा फार होते. पण प्रामाणिक कंपनीतही गुंतवणूकदाराच्या हाती काही लागत नाही, ते कसं, हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण ते जाहिरातीत कधीच नसतं.

समजा कंपनीचं मूल्य १ कोटी डॉलर धरून तुम्ही २५ हजार डॉलर घातले. तुमचा हिस्सा पाव टक्का, शेअर साधे. वर्षभराने एक व्हेंचर फंड (नव्या कंपन्यांत मोठं भांडवल घालणारा फंड) दीड कोटी डॉलर घालतो. त्याला एक तृतीयांश हिस्सा मिळतो, आणि त्याच्या करारात अग्रहक्क असतो: कंपनी विकली गेली तर आधी त्याचे दीड कोटी परत, किंवा हिस्स्याप्रमाणे जास्त मिळत असतील तर ते.

कंपनी ६ कोटींना विकली गेली, तर फंड हिस्स्याप्रमाणे २ कोटी घेतो. उरलेल्या ४ कोटींतला पाव टक्का, म्हणजे १ लाख डॉलर, तुमचा. पैसे चौपट.

कंपनी १ कोटी ८० लाखांना विकली गेली तर? तुम्ही आलात तेव्हाच्या मूल्यापेक्षा ही किंमत ८० टक्क्यांनी जास्त आहे. वर्तमानपत्रात यशाची बातमी येईल. पण फंड आधी आपले दीड कोटी उचलतो. उरतात ३० लाख. त्यातला पाव टक्का म्हणजे ७,५०० डॉलर. २५ हजारांचे साडेसात. दीड कोटीला विकली गेली तर शून्य. कोणी खोटं बोललेलं नाही, कोणी पळून गेलेलं नाही. करार असाच होता.

आणि हे शेअर तरी मिळाले होते. अनेक जाहिरातींत शेअर विकतच नाहीत, ‘सेफ’ नावाचा करार विकतात. पुढच्या वेळी कंपनीने ठरावीक भावाने भांडवल उभारलं, की तुमच्या पैशाचे शेअर होतील, असं वचन म्हणजे सेफ. त्याला व्याज नाही, परतीची तारीख नाही. कंपनी बुडाली नाही आणि तिने पुढचं भांडवलही उभारलं नाही, नुसती तग धरून राहिली, तर तो कागद वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. नाव सेफ असलं तरी हे कर्जही नाही आणि मालकीही नाही.

बाहेर पडायची वाटही अरुंद. हे शेअर ‘निर्बंधित’ असतात. साधारण वर्षभर ते उघडपणे विकता येत नाहीत. वर्षानंतर कायदा आड येत नाही, पण गिऱ्हाईक कुठे असतं? बाजार नाही, भाव नाही. त्यात अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीनुसार नव्या उद्योगांपैकी जवळपास निम्मे पाच वर्षांत बंद होतात.

## ‘पण मग चांगली संधी फक्त बड्यांनीच का घ्यायची?’

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यात तथ्यही आहे. फेसबुक, उबर यांसारख्या कंपन्यांची मोठी वाढ बाजारात येण्याआधीच झाली, आणि तिचा फायदा आत असलेल्यांनाच मिळाला. जाहिरातबंदीमुळे ओळखीपाळखी असलेल्यांचंच फावत होतं. सिलिकॉन व्हॅलीबाहेरच्या, वशिला नसलेल्या संस्थापकाला जाहिरातीने खरोखर दार उघडलं.

तरी एक गोष्ट विसरू नये. ज्या कंपनीमागे नावाजलेले फंड रांगेत उभे आहेत, तिला फेसबुकवर जाहिरातीचा खर्च करायची गरज नसते. ती ५०६-बीच्या वाटेने दोन आठवड्यांत भांडवल उभारते. जाहिरात पाहून तुमच्यापर्यंत जे येतं, त्यात जाणकारांनी नाकारलेल्यांचं प्रमाण स्वाभाविकपणे जास्त असतं. सगळेच वाईट असतात असं नाही, पण ‘ही कंपनी माझ्यापर्यंत का आली?’ हा प्रश्न पहिला विचारायचा.

‘फसवणारे आधीही होतेच की’, असंही म्हणतात. होते. २०१३ च्याच नियमांत रोख्यांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना ही सूट नाकारणारी तरतूदही आली, ती चांगली झाली. पण पूर्वी जाहिरात दिसली की तेवढ्यावरून नियमभंग ओळखता यायचा. राज्यांच्या नियामकांना ती एक सोपी खूण होती. १९९६ च्या कायद्याने या विक्रीची आधी छाननी करायचा राज्यांचा अधिकार गेलेलाच होता, आता ही खूणही गेली. आज खरी आणि खोटी जाहिरात शेजारी-शेजारी उभ्या असतात आणि दोन्ही सारख्याच दिसतात.

पोर्टल असलं म्हणजे निश्चिंत, असंही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आयोगाने क्राउडफंडिंगच्या नियमांखालचा पहिला खटला भरला. त्यात गांजा-व्यवसायासाठी जागा घेण्याच्या नावाने लोकांकडून सुमारे १९ लाख डॉलर घेऊन ते दुसरीकडे वळवल्याचा आरोप होता. ट्रूक्राउड या नोंदणीकृत पोर्टललाही आयोगाने त्यात प्रतिवादी केलं.

मराठी मंडळींनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावं. अशा जाहिराती मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, अधिवेशनाच्या स्टॉलवर, गणपतीच्या जेवणावळीत ‘आपल्याच माणसाची कंपनी आहे’ म्हणून पुढे सरकतात. एकाच समाजातल्या विश्वासावर चालणाऱ्या फसवणुकीबद्दल आयोग अनेक वर्षं इशारे देत आला आहे. पुढे पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्याने कागद पाहिलेले नसतात, त्यालाही तो मेसेज दुसऱ्या कोणीतरी पाठवलेला असतो. आणि ओळखीच्या माणसाला ‘हिशेब दाखव’ म्हणणं आपल्याला जड जातं. तिथेच घोडं पेंड खातं.

## जाहिरात आवडली, तर पुढे काय करायचं?

आधी कंपनीला लेखी विचारा: विक्री कोणत्या नियमाखाली आहे? ५०६-सी, क्राउडफंडिंग, की आणखी काही? उत्तर देताना चाचपडत असतील किंवा जाहिरात करून ‘५०६-बी’ म्हणत असतील, तर तिथेच थांबा. जाहिरात आणि ५०६-बी एकत्र नांदत नाहीत.

५०६-सी असेल तर आयोगाच्या एडगर या संकेतस्थळावर कंपनीचं नाव घालून ‘फॉर्म डी’ शोधा. ही शोधसेवा फुकट आहे. पहिल्या विक्रीनंतर १५ दिवसांत हा फॉर्म भरायचा असतो, त्यामुळे अगदी नवी विक्री असेल तर तो नसूही शकतो. महिनोन् महिने विक्री चालू असून फॉर्म नसेल, तर कंपनी निष्काळजी आहे किंवा काहीतरी लपवते आहे. फॉर्ममध्ये कलम ३ मध्ये संचालकांची नावं असतात, कलम ६ मध्ये कोणती सूट घेतली ते. कलम १२ आणि १५ मध्ये विक्रीचं कमिशन कोणाला आणि किती. कलम १३ मध्ये किती उभारायचे आणि आतापर्यंत किती उभारले. ‘९० टक्के भरलं’ असं जाहिरातीत म्हणणाऱ्याचा आकडा इथल्या आकड्याशी ताडून पाहा. जुन्या फॉर्मवर सुधारणा भरलेली नसेल तर तफावत पडू शकते, ती विचारून घ्या. कलम १६ सगळ्यात बोलकं: आलेल्या पैशातून संचालक आणि अधिकाऱ्यांना किती दिले जाणार. फॉर्म डी आहे म्हणजे आयोगाची मंजुरी आहे, असं मात्र अजिबात नाही. आयोग तो तपासून शिक्का मारत नाही. ‘आम्ही एसईसीकडे नोंदणीकृत’ असं कोणी या फॉर्मच्या जोरावर सांगत असेल, तर ते खोटं आहे.

मध्यस्थ असेल तर त्याचं नाव ब्रोकरांवर देखरेख ठेवणाऱ्या फिन्रा या संस्थेच्या ब्रोकरचेक या संकेतस्थळावर टाका. परवाना, जुन्या तक्रारी, दंड दिसतात. नाव सापडत नसेल आणि तो कमिशन घेत असेल, तर ती गंभीर बाब आहे.

मग कागद मागा: दोन वर्षांचे हिशेब, भागधारकांचा तक्ता, तुम्हाला मिळणाऱ्या शेअरचा प्रकार, आणि आधी आलेल्यांचे अग्रहक्क किती रकमेचे आहेत. हा शेवटचा आकडा मिळाला की वरचं गणित तुम्ही स्वतः मांडू शकता. कंपनी किती रुपयांना, म्हणजे डॉलरना, विकली गेली तर माझे पैसे निदान परत येतील, हे काढा. कायद्याने द्यायलाच हवं असं नसलं, तरी तुम्ही मागितल्यावर जी कंपनी देत नाही तिला पैसे द्यायचं कारणच काय?

मान्यतेची तपासणी करताना कर विवरणपत्र ईमेलने पाठवू नका. त्यात सोशल सिक्युरिटी क्रमांक असतो. त्याऐवजी आपल्या सीपीएकडून पत्र घ्या, ते तीन महिन्यांच्या आतलं लागतं. आणि एखादी कंपनी १० हजार डॉलरसाठी नुसत्या चौकटीत टिचकी मारून ‘मी मान्यताप्राप्त’ एवढंच घेत असेल, तर ती सोय नाही, तो नियमभंग आहे. ५०६-सी मध्ये एवढ्या रकमेला स्वयंघोषणा पुरत नाही.

## हीच जाहिरात भारतात दिसली तर?

भारताने ही गाठ सोडलेली नाही. कंपनी कायदा २०१३ चं कलम ४२ खासगी विक्रीबद्दल आहे. आर्थिक वर्षात २०० हून जास्त लोकांना देऊ करायचं नाही (यातून मोठ्या संस्था आणि ईसॉपमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीच्या शेअर-योजनेत, शेअर घेणारे कर्मचारी वगळले आहेत). जाहिरात नाही, प्रसारमाध्यमं नाहीत, एजंटही नाहीत. पैसे रोखीने नाहीत, बँकेतूनच. ६० दिवसांत शेअर दिले नाहीत, तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत, नाहीतर १२ टक्के व्याज. त्यामुळे एखादी भारतीय कंपनी इन्स्टाग्रामवर ‘आमचे शेअर घ्या’ म्हणत असेल आणि तिने सेबीच्या नियमांनुसार माहितीपत्रक काढलेलं नसेल, तर ती कायदा मोडते आहे.

ही कडक भूमिका उगाच आलेली नाही. सहाराच्या दोन कंपन्यांनी सुमारे ३ कोटी लोकांकडून रोखे विकून पैसे घेतले आणि ही खासगी विक्री आहे, असा दावा केला. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि २४ हजार कोटींहून जास्त रक्कम १५ टक्के व्याजासह परत करायला सांगितली. अमेरिकेत बंदी उठवायचा कायदा झाला, त्याच वर्षी.

भारतात राहून अमेरिकी स्टार्टअपची जाहिरात पाहणाऱ्यांसाठी: ५०६-सी मध्ये तुम्हालाही डॉलरमधले तेच निकष लागतात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात, पण बाजारात नसलेल्या परदेशी कंपनीचे शेअर घेणं ही थेट परदेशी गुंतवणूक धरली जाते. तिचा फॉर्म बँकेमार्फत भरावा लागतो. सेफसारखा करार त्यात कसा बसतो, हे पैसे पाठवण्यापूर्वी बँकेला आणि सीएला लेखी विचारा.

## पैसे आधीच घातले असतील आणि शंका येत असेल तर?

कंपनीने जाहिरात केली, पण तुमची मान्यता तपासलीच नाही, किंवा शेजारच्या मान्यता नसलेल्यालाही शेअर विकले, असं दिसलं तर तिची सूट जाऊ शकते. सूट गेली म्हणजे ती विक्री नोंदणीविना झालेली ठरते, आणि १९३३ च्या कायद्यानुसार खरेदीदाराला शेअर परत करून पैसे व्याजासह मागता येतात. त्यासाठी कंपनीने फसवलं हे सिद्ध करावं लागत नाही. पण हा दावा नियमभंगापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. म्हणून ‘थोडं थांबून पाहू, पुढच्या तिमाहीत बातमी येणार आहे’ या आश्वासनांवर वर्ष घालवू नका. जाहिरातीचे स्क्रीनशॉट तारखेसह, ईमेल, करार, पैसे पाठवल्याची पावती आधी एका जागी जमवा, कारण जाहिरात कोणत्याही दिवशी गायब होऊ शकते. मग राज्याच्या रोखे नियामकाकडे आणि आयोगाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. दोन्ही तक्रारींना शुल्क नाही आणि त्यासाठी वकील लागत नाही. पैसे परत मागायच्या दाव्यासाठी मात्र वकील लागतो. तक्रारीचं उत्तर यायची वाट न पाहता त्याला वर्ष संपायच्या पुरेसं आधी गाठा.